मागे घेतलेला शेरा

मंगळवार, १७ ऑगस्ट १९५४, सकाळी साडेदहा. ठाण्यातल्या आपल्या दवाखान्यात डॉ. हरिहर टिल्लूंनी सहा वर्षांच्या शुभदाच्या पाठीमागे पितळी घंटा वाजवली. तिने वळून पाहिलं नाही.

टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यांची ती रांग लावत होती. डॉक्टरांनी नावाने हाक मारली, टाळी वाजवली. शेवटी तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाले, "हं, इकडे बघायचं, बाळ!" तिने मान सोडवून घेतली.

"बोलते का काही?"

"एक शब्द नाही," वडील त्र्यंबकराव म्हणाले. ते ठाकुर्लीला रेल्वेत कारकून होते. डोंबिवलीच्या शाळेने शुभदाला परत पाठवलं होतं. मुंबईतली बहिऱ्या मुलांची निवासी शाळा घ्यायला तयार होती. फक्त बहिरेपणाचा दाखला हवा होता. नाही मिळाला, तर ती घरीच राहणार होती.

डॉक्टरांनी लिहिलं : बहिरी.

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या आई, मंदाकिनीबाई, तेव्हा बोलल्या. "सकाळी भाजीवाली ओरडते, ते ही संध्याकाळी म्हणते. तिच्याच सुरात."

"अगं, त्याला बोलणं म्हणतात का?" त्र्यंबकराव वैतागले. "पोपटही म्हणतो."

"पोपट बहिरा नसतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही."

डॉक्टर शुभदाची रांग पुरी व्हायची वाट बघत बसले. बाहेरचे रोगी खोळंबले. रांग पुरी झाल्यावर शुभदा ठोकळ्यांकडे बघत, डॉक्टरांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हं, इकडे बघायचं, बाळ!"

डॉक्टरांनी शेरा खोडला. मग चित्रं समोर मांडून बुद्धीची चाचणी घेतली.

"चांदोबा कुठे आहे? दाखव."

"दाखव," शुभदा म्हणाली.

बुद्धीच्या वयाचा हिशेब दोन वर्षांच्या मुलाएवढा आला.

"म्हणजे मंदबुद्धी लिहिणार?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"प्रश्नच कळला नाही, की कळूनही उत्तर देता येत नाही, हे या चाचणीत समजत नाही. घंटा वाजवून एकदा चुकलो. पुन्हा घाई करणार नाही."

"मग हिला झालंय तरी काय?"

"मला माहीत नाही."

कागदावर त्यांनी लिहिलं : ऐकू येते. बुद्धीबद्दल मत देता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे.

त्र्यंबकराव जिना उतरले. मंदाकिनीबाई मागे थांबल्या.

"आधीच्या प्रत्येक डॉक्टरने हिला काहीतरी ठरवून टाकलं. तुम्ही तेवढे थांबलात. उपकार विसरणार नाही."

"अहो, मी हिला बरं कुठे केलं?"

"नाही केलंत. पण नसलेलं काही चिकटवलंही नाहीत."

फेब्रुवारीत पुन्हा चाचणी झाली. या वेळी माहिती मंदाकिनीबाईंनी दिली. दाराशी त्र्यंबकराव उभे होते. हिशेब तोच आला, शेराही तोच पडला. तो कागद डोंबिवलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुहासिनीबाईंनी वाचला.

"डॉक्टरच माहीत नाही म्हणताहेत, तर मी कशी नाही म्हणू? दिवाळीपर्यंत बसू दे वर्गात. मग बघू."

जूनमध्ये शुभदा वर्गात बसू लागली. पहिल्या शनिवारी तिने घरी वर्गशिक्षिकेच्या आवाजात वर्गाची हजेरी म्हटली, ओळीने. त्र्यंबकरावांनी ती पुन्हा एकदा म्हणेपर्यंत वाट पाहिली आणि ठाण्याला डॉक्टरांना आभाराचं कार्ड टाकलं.

हजेरीत तिचं स्वतःचं नाव नव्हतं. ते पटावर घालायचं की नाही, हे दिवाळीनंतर ठरणार होतं.