साधा सोल

चर्चमधल्या गायकांचा मास्तर, मेस्त सालुझिन फुर्ताद, यंदा हट्टालाच पेटला होता. उपासाच्या दिवसांत इगर्जीत गायचं शोकगीत, मोतेत, त्याने स्वतः रचलं होतं आणि त्यात सोल हा सूर एकदाही चढवायचा नाही, असं गायकांना बजावलं होतं.

मंडळी जन्मभर मायनर या उदास सप्तकात गात आलेली. त्यात ला हा घरचा सूर. त्यावर उतरण्याआधी सोल अर्धा सूर चढवायचा, ही गळ्याची सवयच. चढा सोल लाच्या उंबऱ्यावर उभा असतो, आत येणारच. साधा सोल लांब राहतो, घराची ओढ नसल्यासारखा. मेस्तला तोच हवा होता. त्याचा एकुलता एक मुलगा आवेलिन दोन वर्षांपूर्वी तारवावरून समुद्रात पडला होता. प्रेतही हाती लागलं नव्हतं.

बाकीचे आठवड्याभरात सुधारले. सुधारली नाही ती त्याची बायको एर्मेलिंडा. शेवटची ओळ तिच्या एकटीची, आणि सोल दर वेळी चढा.

"लिंडा, कान फुटले काय गं तुझे?"

"माझ्या गळ्यातून येत नाही, तर काय करू?"

"येत नाही की आणायचा नाही?"

खर्जात गाणारा रोमाल्द हसला. "मेस्ता, बायको आहे ती, व्हायोलिन नव्हे. खुंटी पिळून सुरात येत नाही!"

लिंडा दर रविवारी आवेलिनच्या सायकलीत हवा भरायची. पोर आल्यावर लागेल म्हणून. मेस्त ते बघायचा आणि धुसफुसायचा. शेवटच्या तालमीला त्याचा तोल गेलाच.

"चढा सोल घरी येणाऱ्याचा असतो," तो सगळ्यांदेखत ओरडला. "तो येणार नाही, लिंडा! कागदावर आहे तसं गा!"

कुणी हसलं नाही. लिंडाने कागदाची घडी घातली.

त्या रविवारी संध्याकाळी इगर्जी भरली होती. शेवटची ओळ आली. लिंडाने सोल लावला. साधा, स्वच्छ, केसभरही वर नाही. दोन महिने मेस्त याच सुरासाठी घसा फोडत होता, आणि आता त्याच्या व्हायोलिनचा गज तारेवरच थांबला. घरात कुणीतरी पोराची वाट बघत चढा सोल गात होतं, म्हणून तर त्याला साधा लिहिता आला होता. हे त्या मूर्खाला आत्ता कळलं.

"तसं का गायलीस?" पायऱ्यांवर त्याने विचारलं.

"तू शिकवलंस तसंच गायले. बरोबर होतं ना?"

घरी आल्या आल्या त्याने पेन्सिलीने सोलआधी चढवायची खूण केली आणि कागद तिच्यापुढे धरला. "एकदा चढवून गा, लिंडा. माझ्यासाठी."

तिने खरंच प्रयत्न केला. साधाच लागला. पुन्हा केला. पुन्हा साधाच.

"आता येत नाही रे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सायकलीची दोन्ही चाकं बसली होती. मेस्त पंप शोधू लागला. तो लिंडाने शेजाऱ्यांना देऊन टाकला होता.