जड हाताचा ड्रायव्हर

गाडीतला आवाज कुठून येतो ते सापडलं नाही की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझी बायको सगुणा म्हणते, तुम्ही गाड्यांचे डॉक्टर नाही, गाड्यांचे रोगी आहात. म्हणू दे. पण शहाऐंशी सालच्या मे महिन्यात दादूशेटच्या जीपनं मला चार दिवस सळो की पळो केलं, आणि त्या चार दिवसांत मी एका माणसाच्या पोटावर पाय दिला. ते आठवलं की अजून चीड येते, माझीच.

दादूशेट आंब्याचे बागायतदार. बाग डोंगरउतारावर, म्हणून त्यांनी लष्कराच्या लिलावातली जीप घेतली. चारही चाकांना जोर लागणारी गाडी आमच्या रत्नागिरीत तेव्हा फक्त सरकारी असायची, आणि ती आम्हा खाजगी मिस्त्रींकडे येत नसे. जीपवर ड्रायव्हर ठेवला भागोजी. देवरूखकडचा माणूस, आधी टेम्पो चालवायचा. महिना झाला नाही तोच जीप कण्हायला लागली. वळण घेतलं की खालून कर्रर्र आवाज, आणि मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडायची. नवे टायर महिन्याभरात झिजले.

शेटनी मला बागेवर बोलावलं. मी जीपमध्ये बसलो. गिअरच्या बाजूला लाल फडक्यात बांधलेला नारळ होता, त्याला नमस्कार केला आणि अंगणात एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरेची गरजच वाटली नाही.

"शेट, गाडीचा काही दोष नाही," मी उतरता उतरता म्हणालो. "ड्रायव्हरचा हात जड आहे. क्लच आपटतो, गिअर ओरबाडतो. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस गेले असणार."

अंगणात दहा-बारा बायका आंबे निवडत होत्या. त्यातली एक फिस्सकन हसली. बॉनेटला टेकलेला भागोजी ताठ झाला.

"मिस्त्री, रेतीत आवाज येत नाय वो," तो म्हणाला. "पुळ्याच्या रेतीत येकदम गप व्हती गाडी."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

जीप मी मारुती मंदिराजवळच्या माझ्या गॅरेजात आणली. क्रॉस काढले, ते ठणठणीत निघाले. तरी नवे घातले. आवाज तसाच. मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल उघडलं, दाते तपासले, बेअरिंग बोटांनी फिरवून पाहिलं. काही नाही. मग जांभ्या दगडाचे चिरे रचून चारही चाकं अधांतरी केली आणि इंजिन चालू केलं. चारही चाकं गरगर फिरली, आणि आवाज? नावालासुद्धा नाही. खाली उतरवून रस्त्यावर घेतली की पुन्हा कर्रर्र. माझं डोकं फिरायची वेळ आली. गिऱ्हाइकांवर खेकसलो, सगुणानं पाठवलेला डबा तसाच परत गेला, नट उघडायचा सोडून आवळून ठेवला. चारचौघांसमोर निदान सांगून बसलो होतो, आणि ते कुठेच जुळत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भागोजी आला. सीटमागे राहिलेला त्याचा टॉवेल न्यायला.

"शेटनी उद्यापास्नं दुसरा मानूस बगितलाय," तो म्हणाला. "मी येकच्या गाडीनं देवरूखला जातो. तितनं मंबयला."

"इथे दुसरी गाडी बघ की."

"कोन ठेवील? जड हाताचा डायवर म्हनून तीन ठिकानी सांगितलानी मना."

बागेतल्या बायका संध्याकाळी आपापल्या वाडीत गेल्या असतील, शेट चहाला बसले असतील. माझं एक वाक्य तीन दिवसांत गावभर झालं होतं. भागोजीनं टॉवेल खांद्यावर टाकला. जाता जाता म्हणाला, "पन रेतीत आवाज येत नाय, ह्ये खरा हाय."

तो गेला आणि मी तसाच जीपमध्ये बसलो. मांडवीच्या किनाऱ्यावर नेली, काळ्या वाळूत घातली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, गोल फिरवली. गप्प! टायर वाळूत घसरत होते आणि गाडी लोण्यासारखी चालत होती. पुन्हा डांबरावर घेतली, पहिल्याच वळणाला कर्रर्र करून अडली. मी चिडून गिअर खेचला आणि माझी बोटं त्या लाल फडक्यातल्या नारळावर आपटली. बोटं चोळताना प्रथमच नीट पाहिलं. नारळ कशाला बांधलाय? गिअरशेजारच्या आखूड दांडीला. पुढच्या चाकांना जोर जोडणाऱ्या दांडीला! आणि ती जोडलेल्या बाजूला होती, वरून कापडानं घट्ट करकचलेली.

जीभ चावली मी. एका बांबूला दोन माणसं खांदा देतात तेव्हा वळणावर पुढच्याला लांबून जावं लागतं, मागच्याला जवळून. जरा सैल धरलं तर जमतं. पुढची नि मागची चाकं अशीच एकमेकांना जखडली होती. वाळूत टायर घसरून ताण सुटत होता, डांबरावर सुटत नव्हता. चिऱ्यांवर चढवलेल्या गाडीची पुढची चाकं फिरताना मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि चार चाकांची गाडी म्हणजे चारही फिरणारच असं धरून चाललो होतो. ती दांडी फक्त चिखलापुरती, वाळूपुरती जोडायची असते. बसताना दर वेळी तिला मी नमस्कार करत होतो.

साडेबारा वाजत आले होते. मी जीप थेट बागेवर घातली. शेट खाली आंब्याच्या कलमांत होते. ओटीवर त्यांची आई, येसूबाई, सुपारी कातरत बसली होती.

"काकी, जीपमधला नारळ कुणी बांधला?"

"मी. का रे?"

"सोडायला हवा."

"खबरदार हात लावशील तर!" अडकित्ता थांबला. "पुळ्यास गाडी रेतीत रुतली होती. भरती येत होती, पाणी चाकांशी आलं. कोण एक लष्करातला, रजेवरचा शिपाई धावत आला, म्हणाला ही दांडी ओढा. भागोजीनं ओढली आणि गाडी बाहेर! गणपतीनंच धाडला त्यास. तिथल्या तिथे नारळ बांधला मी. भागोजीस सांगितलं, हिला हात लावायचा नाही."

म्हणजे भागोजी म्हातारीचा शब्द पाळत होता, आणि टेम्पो चालवणाऱ्याला त्या दांडीचं काम सांगणार कोण? मी. मिस्त्री मी होतो ना.

"काकी, देवानं गाडी रेतीतून काढली," मी म्हणालो. "मग महिनाभर त्याला डांबरावर कशाला ओढायला लावलंत? त्यापायी भागोजीची नोकरी गेली."

येसूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग उठल्या, जीपपाशी आल्या, पुटपुटत हात जोडले आणि स्वतःच्या हातांनी गाठ सोडली. दांडी तरी हलेना, इतका पीळ बसला होता. मी गाडी सरळ रेषेत दहा हात मागे घेतली, आणि दांडी खाडकन सुटली. अंगणात पूर्ण वळण घेतलं. आवाज नाही, अडणं नाही. येसूबाईंनी नारळ समोरच्या आरशाखाली बांधला.

एसटी स्टँडवर पोचलो तेव्हा देवरूखची गाडी लागली होती आणि भागोजी पायरीवर चढत होता. मी त्याची पिशवी धरली. धापा टाकत सगळं सांगितलं. तो खाली उतरला, पण हसला नाही.

"चूक माझी," मी म्हणालो. "चल, शेटना सांगतो."

"शेटना येकट्याला नको," तो म्हणाला. "तुमी सगल्यांदेखत बोल्लावतात. सगल्यांदेखत सांगा."

जीप त्यानं चालवली. क्लच किती अलगद सोडायचा, ते मी वाटभर बघत होतो. चहाच्या टपरीवर दोन ट्रकवाले बसले होते, त्यानं गाडी तिथे थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उतरून सांगितलं. पुढे दुसऱ्या टपरीवरही सांगितलं. बागेच्या अंगणात पोचलो तेव्हा शेट जेवून उठले होते, बायका परत आंब्यांच्या राशीपाशी बसल्या होत्या. भागोजी बॉनेटला टेकून उभा राहिला.

त्या दिवशी होता तेवढाच मोठा आवाज मी काढला.

"भागोजीचा हात जड नाही," मी म्हणालो. "जड माझी जीभ आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. शेटनी नुसतं भागोजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाली चाळीस पेट्या पडल्यायत. बंदरावर न्यायच्या ना?"

भागोजीनं टॉवेल सीटमागे टाकला आणि गाडी वळवली.