कोणती मशीन?

मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर आहे. लांब स्क्रूड्रायव्हर मशीनला टेकवायचा, मूठ कानाशी लावायची, की बेअरिंग गेलंय का नाही ते मी सांगतो. त्यामुळं आमची योगिनी घोकायला लागली की माझं डोकं फिरायचं.

"पीडीए. जन्मल्यावर बंद व्हायला हवी ती रक्ताची नळी उघडीच राहते. छातीत डावीकडं, वरच्या बाजूला मशीनसारखा सतत आवाज. मशिनरी मर्मर."

"कोणती मशीन?"

"पप्पा, पुस्तकात नुसतं मशीन लिहिलंय."

"अगं पण लेथ, कॉम्प्रेसर का पॉवर प्रेस? ह्या लेखकाला चाकणला आणून एक शिफ्ट करायला लावली पाहिजे!"

एमबीबीएसच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला बालरोगात ती एकदा गचकलेली. परत गचकली तर आणखी सहा महिने पाण्यात. मी म्हटलं, "आधी कान लाव, मग तोंड उघड. पाठांतर काय, पोपट पण करतो." तिनं मान डोलावली. परीक्षेच्या दिवसांत तिची मान कशालाही डोलते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी तिला सोडून मी वॉर्डाच्या उघड्या दाराशीच थांबलो. केस कोणती येणार हे आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर फिरलेलं. चिखलीचा सहा वर्षांचा प्रज्वल. दोन वर्षं झाली, परीक्षेला पीडीए म्हणून ह्यालाच बोलावतात. आईबाप शिफ्टला, म्हणून आजी सुभद्राबाई घेऊन आलेली. योगिनीच्या आधीच्या अकरा पोरापोरींनी प्रज्वलच्या छातीला स्टेथोस्कोपची नळी टेकवली न टेकवली आणि मशिनरी मर्मर आहे म्हणून सांगितलं. परीक्षा घेणारे सर मान वर न करता मार्क देत होते.

योगिनीनं नळी लावली. काढली. परत लावली. घाम मला फुटला, राव!

"सर, मर्मर नाहीये."

"अकरा जणांना आला. तुमच्या कानात काय बोळे आहेत?" सरांनी तिच्या नावापुढं भोपळा काढला.

"नाहीये, सर." पोरगी रडकुंडीला आली, पण हटली नाही.

सरांनी वैतागून सकाळपासून पहिल्यांदाच आपली नळी प्रज्वलच्या छातीला लावली. बराच वेळ ऐकलं. मग भोपळा खोडून मार्क लिहिले आणि आजीकडं वळले. "ऑपरेशन झालंय का ह्याचं?"

"व्हय. मागल्या महिन्यात. मांडीतनं तार घालून बुजवलं."

"मग सकाळीच सांगायचं नाही का, आजी?"

"सांगनार व्हते. पर अकरा डाक्टर म्हनले, मशीन चालू हाय." सुभद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला वाटलं, बुजवल्यालं परत उघडलं."