फोटोच्या आदल्या दिवशी

बाबा रंगारी होते. दोन महिन्यांपूर्वी ते कामावर शिडीवरून पडले आणि प्लॅस्टरमधला पाय घेऊन खाटेला खिळले. आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. म्हणूनच शाळेतून निरोप आला, की उद्या सगळ्या वर्गांचे फोटो आहेत, केस कापून या, तेव्हा अकरा वर्षांच्या ताईने तो घरी सांगितलाच नाही. न्हाव्याचे पैसे मागितले तर आई नाही म्हणणार नव्हती, आणि तेच ताईला नको होतं.

तिचा भाऊ सात वर्षांचा. एका जागी बसत नाही म्हणून सगळे त्याला मुंगळा म्हणत. दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर ताईने त्याला मोरीत बसवलं, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि आईची शिवणाची कात्री घेतली.

"हलू नकोस हं."

"नाही हलत," म्हणता म्हणता तो हलला. कानावरचा झुपकाच गेला. ती बाजू जुळवायला तिने दुसरी कापली, मग दुसरीला जुळवायला पुन्हा पहिली.

मुंगळ्याने आरशात पाहिलं. रडला नाही.

"हे परत कधी येतील?"

"महिन्याभरात."

"फोटो तर उद्याय."

ताईने कात्री त्याच्या हातात दिली. "माझे पुढचे काप. दोघं सारखेच दिसलो, की कोण कोणाला हसणार?"

मुंगळ्याने जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून कापले.

"काय चाललंय तिकडे?" खाटेवरून आवाज आला.

दोघं माना खाली घालून पुढे उभी राहिली. बाबा पाहतच राहिले.

"शिडीवरून पडलो मी, आणि पायऱ्या तुझ्या डोक्यावर होय रे?"

मुंगळा फिसकन हसला. बाबाही हसले, मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आईला सांगितलं असतं," ताई म्हणाली. "आणि आईने पैसे दिले असते."

बाबा म्हणाले, "कंगवा आण. वाटीत पाणी आण. आणि तो बाक इकडे ओढ."

भिंतीचा आधार घेत ते उठून बसले. वर्षानुवर्षं छताखाली सरळ पट्टे ओढलेल्या त्यांच्या हाताने कात्री उचलली. आधी मुंगळा, मग ताई. दुसऱ्या दिवशी फोटोत मुंगळ्याने नेमके डोळे मिटले, पण केसांना कोणी नावं ठेवली नाहीत. ते नंतरचं.

संध्याकाळी आई आली. तिने दोघांची डोकी पाहिली, जमिनीवरचे केस पाहिले आणि मग ताठ बसलेल्या बाबांकडे पाहत राहिली.

"कोणी कापले?"

"बाबांनी," दोघं एका सुरात म्हणाली.

आईने पिना काढल्या, केस मोकळे सोडले आणि बाबांकडे पाठ करून बाकावर बसली. "माझीही टोकं काढा जरा. फाटे फुटलेत."

बाबा बराच वेळ नुसता कंगवाच फिरवत राहिले. आईने डोळे मिटून घेतले. ताईने मुंगळ्याला हाताला धरून जिन्यात नेलं. केर काय, उद्या काढला तरी चालण्यासारखा होता.