मालकानू, टीम विका!

मरीनर्स हरायला लागले तेव्हा सनोबर मुकादमला सुरुवातीला त्याचं काही वाटलं नव्हतं. नवी लीग, नवी टीम, खेळाडू चार राज्यांतून गोळा केलेले. सूर जुळायला वेळ लागणारच, असं ती दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही समजावून सांगायची. मालवणच्या बाजारात तिचं औषधांचं दुकान होतं, आणि खोकल्याच्या बाटलीबरोबर बास्केटबॉलचं थोडं ज्ञान फुकट मिळतं, याची गावाला सवय झाली होती.

शाळेत असताना ती सावंतवाडीला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची. तिथल्या शाळेच्या टीममध्ये ती आणि अक्षया परब एकत्र खेळल्या. सनोबर बुटकी पण चपळ, चेंडू घेऊन पुढे धावणारी. अक्षया उंच, बास्केटखाली पाय रोवून उभी. पुढे लग्नं झाली, मुलं झाली. अक्षया कुडाळला शाळेत शिकवू लागली, आणि खेळ मागे पडला तो पडलाच. मग दोघींनी चाळिशी ओलांडल्यावर अचानक पणजीत एक व्यावसायिक टीम उभी राहिली. मांडवी मरीनर्स. बातमी वाचून अक्षयाने सनोबरला फोन केला आणि आधी नुसतीच हसत राहिली.

पहिल्या वर्षी मिनीबस भरून माणसं जायची. त्यात टीममध्ये कसालचा समर्थ सावंत होता, म्हणजे आपल्या घरचंच कार्य. दुसऱ्या वर्षी मिनीबसच्या जागी दोनच मोटारी उरल्या आणि तिसऱ्या वर्षी एकच, सनोबरची. ती कुडाळला अक्षयाला घ्यायची, बांद्याला दोघी चहा प्यायच्या आणि टीम हरताना बघायला गोव्याची सीमा ओलांडायच्या.

आणि हरणं तरी कसं! चुरशीच्या सामन्यात हरलेलं माणूस सोसतं. मरीनर्स मध्यंतरापर्यंतच संपलेले असायचे. मोकळ्या जागेतून मारलेला चेंडू रिंगलाही लागायचा नाही. हातातला चेंडू आपणहून समोरच्याला द्यायचे आणि मग एकमेकांकडे बघत उभे राहायचे. टीमचे मालक पणजीतले एक मोठे हॉटेलवाले. त्यांनी टीममधला एकमेव धड खेळाडू, केरळचा उंच जोबिन, ऐन हंगामात दुसऱ्या टीमला देऊन टाकला. कोच बदलत राहिले. समर्थला तर ते बाकावरून उठवायचेच नाहीत. आणि सामना हरला की मालक गॉगल लावून मैदानात यायचे आणि जिंकल्यासारखा हात हलवायचे. त्या हाताचा सनोबरला सगळ्यात जास्त राग यायचा.

"रडूचाच आसा तर इतक्या लांब कशाक जातंस?" अरीब, तिचा नवरा, म्हणायचा. "हंय दर्यार बसान रड."

का जायची, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

मग एका रविवारी मरीनर्स घरच्याच मैदानात असे काही हरले, की शेवटची दहा मिनिटं समोरच्या टीमने आपली राखीव पोरं खेळवली, आणि ती पोरंही जिंकली. घरी आल्यावर सनोबरने कपाटातली जुनी पांढरी चादर काढली, अंगणात पसरली आणि तांबड्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं : मालकानू, टीम विका!

पुढच्या सामन्याला तिने गाडीत ती चादर दाखवली तेव्हा अक्षया कचरली.

"अगो, शाळेतली पोरां बघतली माका टीव्हीर."

"बघूं देत. आपली बाई खरा बोलता म्हणतली."

मध्यंतराला दोघींनी चादर उलगडून धरली. आजूबाजूचे आधी हसले. मग मागून कोणीतरी ओरडलं, "टीम विका!" आणि बघता बघता अर्धं स्टेडियम ओरडायला लागलं. मालकांनी मान वळवून वर पाहिलं, थोडा वेळ तसेच बसले आणि उठून आत निघून गेले. त्या दिवशी मालक हात हलवायला आले नाहीत.

कोणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मालवणात लोक औषध नको असतानाही दुकानात डोकवायला लागले. मासे घेऊन निघालेली बाईसुद्धा थांबून म्हणायची, "काय गो, विकली काय मगे टीम?" सनोबर हसायची. खोटं कशाला बोला, तिला ते दिवस आवडले होते. इतकी हार गिळल्यानंतर निदान कुठेतरी आपला आवाज पोचला, असं वाटत होतं. मग प्रत्येक सामन्याला चादर निघू लागली. खेळ कसाही चालो, लोक तिची वाट बघायचे. कधीकधी समोर चेंडू कोणाकडे आहे हेही तिला ठाऊक नसायचं.

हंगाम संपत आला तेव्हा बातमी आली. टीम विकली होती. नवे मालक इंदूरचे, आणि पुढच्या वर्षापासून टीमही इंदूरची. नाव बदलणार, रंग बदलणार. हॉटेलवाल्यांनी पत्रकारांना सांगितलं होतं, "प्रेक्षकांचीच तशी मागणी होती. आम्ही तिचा आदर केला."

सनोबरने ते वाक्य काउंटरमागे उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. मग अक्षयाला फोन लावला.

"मी विका म्हटलंय. घेवन जावा म्हटलंय काय?"

"चादरीन टीम विकली गेली असा वाटता तुका? तेंचा आधीच ठरलेला आसतला."

"मगे आमचा नाव कित्याक घेतला तेनी?"

"कारण ता सोपा होता," अक्षया म्हणाली. तिचा आवाज मास्तरणीसारखा ठाम होता, पण फोन ठेवता ठेवता तीच म्हणाली, "माका पण झोप नाय लागली गो."

शेवटच्या सामन्याला दोघी गेल्या. चादर घरीच राहिली. स्टेडियम भरलेलं होतं. पूर्वी मिनीबसने येणारे, मधल्या वर्षांत तोंड फिरवलेले, सगळे आले होते. कुठे होते हे सगळे, असं सनोबरच्या मनात आलं आणि पाठोपाठ असंही आलं, की ती स्वतः तरी कुठे होती? गेले कित्येक सामने ती चादरीच्या मागे उभी होती. आज तिने पहिल्यांदा नीट खेळ बघितला. पोरं वाईट खेळत होती, पण जीव तोडून धावत होती. हे आजचंच होतं, की आधीही असंच होतं? तिला आठवेना.

मरीनर्स हरले. शिट्टी वाजल्यावर कोणी उठलं नाही. लोक टाळ्या वाजवत राहिले आणि मैदानातली पोरं गोंधळून वर बघत राहिली.

बाहेर गाडीपाशी समर्थ सावंत आला. खांद्यावर बॅग, केस अजून ओले. अक्षयाला तो ओळखत होता. त्याची बहीण तिच्या हाताखाली शिकली होती. त्याने सनोबरकडे वळून विचारलं, "काकी, तो बॅनर तुमीच केलात मां?"

"होय रे बाबा. चुकला माझा."

"चुकला कसला? बरा झाला." तो मनापासून हसत होता. "तीन वर्सा मी बाकार बसान होतंय. इंदूरच्या कोचान माझो खेळ बघितल्यान. म्हणालो, तुका खेळवतलंय. मी जातंय तेंच्यावांगडा."

"आवस काय म्हणता?" सनोबरने त्याच्या आईची चौकशी केली.

"रडता. पण खुशीन." त्याने वाकून नमस्कार केला. "तुमचे उपकार झाले, काकी."

सनोबरने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी चांगलं बोलली. काय बोलली ते तिलाच नंतर सांगता आलं नाही. शिव्या खाणं तिला जमलं असतं, त्याची तयारी करूनच ती आली होती. या आभारांचं काय करायचं ते मात्र कळेना. परतीच्या वाटेवर बांद्याला चहासाठी थांबायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर वर्षभर दुकानात बास्केटबॉलचा विषय निघाला नाही. गिऱ्हाइकांनीही काढला नाही. माणसं तेवढी समजूतदार असतात.

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा सनोबरने ठरवलं होतं, बघायचं नाही. पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारी दुकानात वर्दळ नव्हती. तिने मोबाइल औषधांच्या खोक्याला टेकवून ठेवला, नुसतं बघावं म्हणून. निळ्या कपड्यांतली ती टीम तिला ओळखू येईना. मग एक पोरगा चेंडू घेऊन पुढे धावला आणि त्या धावण्यावरून तिने समर्थला ओळखलं. इंदूर जिंकलं. आणि सनोबरला असा काही राग आला, की तिने मोबाइल उपडा घातला. आमच्याकडे तीन वर्षं मेल्यासारखे खेळलात आणि तिकडे पहिल्याच दिवशी हे!

तेवढ्यात उपडा मोबाइल वाजला. अक्षया होती.

"जिंकले," ती म्हणाली.

"बघितलंय."

"माका राग इलो गो."

"माका पण." मग सनोबरच म्हणाली, "समर्थान शेवटाक बास्केट घातल्यान ता बघितलंस?"

"दोनदा बघितलंय. काय उडी मारल्यान!"

"उडी बरी आसा. पण तो एकसारखो उजवीकडसूनच जाता. डावीकडे वळणाच नाय. पुढच्या सामन्याक तेका अडवतले."

"अडवतलेच. कोणीतरी सांगूक व्हया तेका."

एक म्हातारे गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन काउंटरपाशी उभे होते. सनोबरने फोन खांद्यात धरला, गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "तेचो नंबर आसा तुझ्याकडे?"

"नाय. पण आवस आसा मां कसालाक. तिच्याकडसून घेवया." अक्षया क्षणभर थांबली. "रविवारी जावया. मी मोकळीच आसतंय आता."