नदीच्या अलीकडे

सुतार गेल्यावर घरी जे पहिले लोक आले, ते समाचाराला नव्हे, चौकशीला आले. आरोग्य खात्यातली एक बाई आणि तिच्याबरोबर गोचीड पकडणारा एक माणूस. सुताराची बायको नुकतीच कारखान्यातून परतली होती. दिवसभर शर्टांना बटणं लावून बोटं बधिर झाली होती, आणि आतूनही ती तशीच होती. तिने दोघांना पाणी दिलं.

गोचिडीच्या तापाने नदीपलीकडच्या वस्त्या एकामागून एक धरल्या होत्या. आधी जंगलाला लागून असलेली, मग तिच्या पुढची, मग पुलाजवळची. नदीच्या अलीकडे मात्र एकही रोगी नव्हता. सुतार पहिला. पलीकडचं जंगल बंद केलेलं, तिथलं लाकूड आणायला मनाई. त्यामुळे गल्लीने ठरवून टाकलं होतं, की सुतार चोरून लाकूड आणायला गेला आणि ताप घेऊन आला. सख्खा दीरही तेच म्हणत होता आणि घरी फिरकत नव्हता. कारखान्यात बायका तिच्यापासून खुर्च्या लांब ओढून बसत.

"ते पुलापलीकडे गेले नव्हते," ती म्हणाली.

आरोग्यवाल्या बाईने समजुतीच्या सुरात सांगितलं, की कुणाला शिक्षा होणार नाही, फक्त खरं कळायला हवं. सुताराच्या बायकोने पुन्हा तेच सांगितलं. आवाज चढवायचं त्राण नव्हतं, आणि चढवावासा वाटतही नव्हता.

मग कोपऱ्यात बसलेल्या सासूने तोंड उघडलं. "मला तरी खरं सांग. गेला होता का गं?"

"नाही, आई. ताप यायच्या आधी पाठ धरली होती ना त्यांची? मागे झाडाखाली बसून खिडकीच्या चौकटी तासत होते. तुम्हीच तर चहा नेऊन देत होता."

सासूने स्वतः पाहिलं होतं ते. पण लोक इतक्यांदा बोलले, की तिचा आपल्याच डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता.

गोचीडवाला मागच्या अंगणात गेला. काठीला बांधलेलं पांढरं फडकं त्याने झाडाखालच्या गवतावरून सावकाश कुंपणापर्यंत ओढत नेलं आणि उलटं केलं. फडक्यावर तिळाएवढे ठिपके चालत होते. त्याने ते चिमट्याने उचलून बाटलीत टाकले. तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं म्हणून दोघं निघून गेले.

पुढच्या आठवड्यात बाई परत आली. या वेळी ती बसली नाही.

"ताई, त्या गोचिडींमध्ये तापाचा विषाणू सापडला. उंदरांवरून, नाहीतर भटक्या कुत्र्यांवरून आल्या असतील. तुमचे मिस्टर कुठे गेले नव्हते. तापच इकडे आलाय."

गल्लीभर गवत कापलं गेलं, फवारणी झाली. दीर आला आणि दारातच रडायला लागला. ती म्हणाली, "आत या, भाऊजी." त्याच्यासाठी चहा टाकला. तिला रडू आलं नाही.

सुताराच्या नावाने सगळ्यात जास्त तोंड वाजवणारी किराणावाली त्याच महिन्यात तापली. ताप कशाचा असू शकतो, हे आता डॉक्टरांना ठाऊक होतं. तिला वेळेत भरती केलं आणि ती वाचली. कारखान्यात कुणीतरी ही बातमी दिली तेव्हा शेजारची खुर्ची पुन्हा शेजारी आलेली होती. "बरं झालं," ती म्हणाली. आपल्याला खरंच बरं वाटतंय का, की राग येतोय, हे तिने मनाशी चाचपून पाहिलं. दोन्हीतलं काहीच हाताला लागेना. तिने पुढचा शर्ट ओढला.

संध्याकाळी सासूने तिला दिव्याखाली बसवलं. केस वर करून कानामागे, मानेवर बोटांनी चाचपलं. म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

"काही नाही," सासू म्हणाली.

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

हात मात्र तिने बराच वेळ मानेवरून काढला नाही.