धवला गाणारा फोन

मित्रांनो, माझ्या नावात ‘स्मार्ट’ आहे, पण ते मी नवा असतानाचं. आता मी नऊ वर्षांचा आहे. फोनांमध्ये हे वय पेन्शनीचं.

पुतळाबाईंनी मला वाशीहून आणलं तेव्हा बेलापूरच्या त्यांच्या गावठाणात माझं फार कौतुक झालं. आधी मला हळदकुंकू वाहिलं, मग प्लास्टिकचं कव्हर चढवलं. त्यांच्या मोठ्या मुलीच्या हळदीला राहीबाईंचा धवला मीच रेकॉर्ड केला. राहीबाई म्हणजे गावच्या धवलारीण. आगरी लग्नात त्यांनी धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.

मग घरात नवे फोन आले. पातळ, गुळगुळीत, तीन-तीन डोळ्यांचे. मी फ्रिजवर गेलो. चार्जर काढला की मी लगेच डोळे मिटतो, म्हणून मला कायमचं वायरीला बांधलं आणि पाण्याची मोटर बंद करायचा गजर माझ्याकडे दिला.

गेल्या वैशाखात धाकट्या निशिगंधाची हळद होती. राहीबाई आल्या, पाटावर बसल्या, तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. घसा पार बसलेला. शेजारगावची धवलारीण दुसऱ्या लग्नात अडकलेली. हळदीची वाटी तशीच राहिली आणि निशिगंधाचे डोळे भरून आले.

तिचा भाऊ तेजस म्हणाला, “आये, टेन्शन नको घेव. ताईच्या हळदीचा धवला माझ्या फोनमध्ये पन हाय.”

त्याने बटण दाबलं. मांडवात शांतता. शेजारच्या गच्चीवर मात्र धवला खणखणीत सुरू झाला. तिथे शेजाऱ्यांच्या मनस्वीचा पाचवा वाढदिवस होता. तेजस सकाळीच तिथला ब्लूटूथ स्पीकर आपल्या फोनला जोडून आला होता. त्याचा फोन सकाळची ओळख काढून तिथेच चिकटला. केक कापता कापता पोरीचं लग्न लागायची वेळ आली.

मांडवातल्या साउंडवाल्या शहाजीने हात वर केले. “माझ्या मशीनला वायरच लागते. हेडफोनच्या वायरीचं भोक असलेला फोन हाय का कोनाकडं?”

साठ पाहुणे, साठ फोन. सगळ्यांनी आपापले उलटेपालटे करून पाहिले. एकालाही ते भोक नाही.

“फ्रिजवरचा आना रं!” पुतळाबाई ओरडल्या.

मला चार्जरसकट आणलं, एक्स्टेन्शनला टोचलं. शहाजीने माझ्या भोकातली धूळ काडीने कोरली. वायर बसली. मी मनात म्हटलं, बाबा रे, आज हँग होऊ नकोस.

नाही झालो. मांडवभर राहीबाई गाऊ लागल्या. निशिगंधाच्या गालाला पहिली हळद लागली आणि पुतळाबाई खुर्चीत मटकन बसून हसतच सुटल्या.

राहीबाईंनी कान देऊन ऐकलं आणि कुजबुजत विचारलं, “कोन गो ही? दम नाय हिच्यात.”

“आगो मावशे, तूच ती,” पुतळाबाई म्हणाल्या.

“मंग बरी गाते.”

चार दिवसांनी त्यांचा घसा मोकळा झाला. सगळ्यांत मोठा निःश्वास मी टाकला, कारण तेवढ्यात तीन घरांनी माझी तारीख विचारली होती आणि या वयात कलावंत व्हायची मला हौस नाही.

मित्रांनो, जुन्या फोनला फार मान देऊ नका, त्याला झेपत नाही. अधूनमधून पुसा, चार्ज करा. आणि टाकून देण्याआधी, नव्याला काय काय येत नाही, याची एकदा नीट चौकशी करा.